दुकान आईच्या नावावर

मार्च २०२० मध्ये आमच्या बॅचचा दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला. बोर्डानं बाकीच्या पेपरांच्या सरासरीवर मार्क देऊन टाकले. भूगोल माझा कच्चा, त्यामुळं मला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं. पुढं तोच भूगोल मी पार्सलांच्या पत्त्यांवरून शिकलो. ४११ म्हणजे पुणे, ४०० म्हणजे मुंबई, ४३१ म्हणजे संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड. ४१३ मध्ये आम्ही. त्यात लातूर, धाराशिव, सोलापूर आणि कसं कुणास ठाऊक, पण बारामतीसुद्धा. आमच्या उदगीरचा ४१३५१७. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहायचे. ‘मारुतीच्या पाराच्या मागं, पाण्याच्या टाकीला विचारा’ असला पत्ता हातात घेऊन कुरिअरवाल्याचा फोन आला, की मला या संस्कृत कवीबद्दल फार आदर वाटायचा.

धंद्याची सुरुवात आत्याच्या मुलीमुळं झाली. ताई हिंजवडीत नोकरीला. दर उन्हाळ्यात येऊन वर्षाचा काळा मसाला, येसर आणि शेंगाची चटणी डब्यांत भरून न्यायची. त्या साली एसट्या बंद, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. जूनमध्ये कुरिअर जरा हललं तसा मी तिला खोका पाठवला. तिच्या इमारतीत एक बिऱ्हाड बीडचं निघालं, एक परभणीचं. त्यांच्यापर्यंत मसाल्याचा वास पोचला. मग त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून यादीच आली: कुणाला किती, फ्लॅट नंबर, फोन नंबर. मी सोळा वर्षांचा, घरात बसून कंटाळलेला. इन्स्टाग्रामवर पान काढलं, आईनं मसाला कुटला.

पुण्यात आपलं केवढं माणूस आहे ते मला त्या वेळी कळलं. चाकणच्या कंपन्यांत, वाघोलीच्या सोसायट्यांत, पेठांतल्या अभ्यासिकांत. अभ्यासिकेतली पोरं येसर मागायची, कारण खोलीवर दुसरं काही करता येत नाही. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, धने-जिरे-दगडफूल घालून दळलेलं ते पीठ. फोडणीच्या पाण्यात कालवून सोडलं की आमटी तयार. आमच्याकडं लग्नात ती मोठ्या पातेल्यांनी होते आणि वऱ्हाडी वाटीनं पितात. फ्लिपकार्टला २००७ मध्ये पहिली ऑर्डर आली ती महबूबनगरहून, एका पुस्तकाची. मोठ्या शहरातल्या दुकानात असलेली वस्तू लहान गावाला हवी होती. आमचं सगळं उलटं. पुण्यात काय मिळत नाही? पण हे मिळत नव्हतं.

कुठला माल विकायचा हे मात्र आमच्या आवडीनं ठरलं नाही. आईला हौस कुरडयांची. तिच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात आणि तळल्यावर तिपटीनं फुगतात, हे गल्लीला मान्य आहे. त्या पाठवायच्या म्हणून तीस बाय तीस बाय वीस सेंटीमीटरचा खोका आणला, आत बबल रॅप लावला, अर्धा किलो कुरडया अलगद रचल्या. कुरिअरच्या काउंटरवरच्या पोरानं खोका काट्यावर ठेवलाच नाही. टेप लावून मापं घेतली, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. अठरा हजार भागिले पाच हजार, तीन पूर्णांक सहा. म्हणजे अर्ध्या किलोच्या मालाला साडेतीन किलोच्या वरचं भाडं. हवेचे पैसे! आणि एवढं करून मुक्कामी चुरा पोचला. येसर मात्र भरीव, चपटं, पडलं तरी फुटत नाही, आपटलं तरी वाकत नाही. त्या पाच हजारच्या भागाकारानं आमचं दुकान ठरवलं. तेव्हापासून किराणा दुकानातली कुठलीही वस्तू दिसली की मी मनातल्या मनात तिची लांबी-रुंदी मोजतो. कुरमुऱ्यांचा ऑनलाइन धंदा कुणी करू नये.

फोटोचं दुखणं वेगळंच. काळा मसाला चवीला कितीही चांगला असो, फोटोत तो नांगरलेल्या रानासारखा दिसतो. स्टीलच्या वाटीत काढला, पितळी ताटात काढला. शेवटी गच्चीवर सकाळच्या उन्हात, सुपात ब्याडगी मिरची पसरून मधोमध मसाल्याची वाटी ठेवली, तेव्हा लोक ‘हाऊ मच’ विचारू लागले. शेंगाच्या चटणीला तेल सुटायचं, ते पाकिटाच्या शिवणीतून बाहेर यायचं आणि खोक्यावर नकाशे उमटायचे. दोन पाकिटांत घालून, वर जाड पिशवी सील करून ते थांबवलं.

‘मास्तराचं पोरगं मसाला इकलालंय की!’ हे गल्लीत चाललेलं होतंच. आमच्या जिल्ह्यात सोळा वर्षांच्या पोरानं करायच्या गोष्टी दोनच, नीट नाहीतर जेईई. त्या साली ट्यूशनही मोबाइलवर आलेली, त्यामुळं एका बाजूला बायोलॉजीचं लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला सीलिंग मशीन असा माझा अकरावीचा वर्ग. मराठवाड्याच्या माणसाला धंदा जमत नाही असं मराठवाड्याचीच माणसं फार ठामपणे सांगतात. त्यांना मी तेरचं सांगतो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी टिपणात लिहिलंय, की तगर हे पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर आणि पैठण भडोचहून वीस दिवसांच्या. रस्ते धड नाहीत, तरी तगरचं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात उतरायचं आणि तिथून समुद्रापार जायचं. गिऱ्हाईक कधी डोळ्यांनी दिसायचं नाही. आमचं पार्सल पुण्याला तिसऱ्या दिवशी पोचतं, त्यात काय एवढं?

खरी पंचाईत झाली ती कागदांवर. ओळखीतल्यांना चार पाकिटं देणं निराळं आणि खाण्याचा पदार्थ पाकिटबंद करून विकणं निराळं. अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, म्हणजे अडचण पैशाची नव्हती. अडचण माझ्या वयाची. १८७२ च्या करार कायद्यानं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, माणूस करार करू शकत नाही. मी कुरिअर कंपनीशी करार करू शकत नव्हतो, पेमेंट गेटवे घेऊ शकत नव्हतो, चालू खातं उघडू शकत नव्हतो. (रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच दहा वर्षांपुढच्या मुलांना बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली होती, पण बचत खात्यावर दुकान चालत नाही.) धंदा कळायला, भाडं कळायला, गिऱ्हाइकाची बोलणी खायला मी पुरेसा मोठा होतो. सही करायला नव्हतो.

मग बाबा? बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यांना सेवेत असताना धंदा करता येत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. ‘माझं नाव कुठंही घालायचं नाही, वेतनवाढ थांबली तर मसाला खाऊन जगायचं का?’ आबा ऐंशीच्या घरातले, आयुष्यभर मोंढ्यात मुनीमकी केलेले. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक ओट्यावर आल्याशिवाय माल दाखवायचाच नाही. म्हणजे उरली आई. कुणी तिला विचारून ठरवलं असं नाही, घरातली बाकीची नावं बाद होत होत शिल्लक राहिलं ते तिचं.

त्या वेळी मी पहिल्यांदा आमच्या घरातल्या कागदांत आईचं नाव शोधायला लागलो. सातबारा आबांचा. लाइट बिल बाबांचं. घरपट्टीची पावती बाबांची. गॅसचं कार्ड बाबांचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख असते, पण ते स्वस्त धान्याच्या कार्डांवर. आमचं शुभ्र कार्ड, त्यावरही बाबाच. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणून बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करा असं गावोगाव सांगितलं होतं. आबांना ते आठवतं, भाषणं ऐकल्याचंही आठवतं. केलं का, म्हणून विचारलं तर त्यांनी तंबाखूची डबी उघडली. आईकडं होतं ते आधार, पॅन आणि बचत गटाच्या वहीतलं एक पान.

आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर? तोही बाबांचा.

यातून जी मजा झाली ती आता मजा म्हणून सांगतो. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट झालीय, फक्त आधारवर ओटीपी यावा लागतो. मी घरी लॅपटॉपसमोर, आई पोळ्या करता करता मागं उभी, आणि ओटीपी गेला बाबांकडं. बाबा त्या दिवसांत कोविडच्या सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर, एका वाडीत, जिथं रेंज फक्त देवळाच्या पायऱ्यांवर. दहा मिनिटांत आकडे टाकले नाहीत तर ते मेले. मी फोन करतोय, तो ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. बाबा देवळापाशी आले की तीन-तीन जुने ओटीपी एकदम आमच्याकडं वाचून दाखवायचे, त्यातला एकही चालू नसायचा. शेवटी आईला घेऊन आधार केंद्रावर गेलो, पन्नास रुपये भरून तिचा स्वतःचा नंबर जोडला. रांगेत तिनं विचारलं, ‘आता माझा ओटीपी मलाच येणार ना?’ मी हो म्हटलं. घरी येईपर्यंत तिनं दोनदा मोबाइल उघडून बघितला.

पाकिटावर काय काय छापायचं याचे नियम आहेत: हिरवा ठिपका, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत, चौदा आकडी नोंदणी क्रमांक आणि उत्पादकाचं नाव, पत्ता. मी लेबलाचं डिझाइन करताना वर मोठ्या अक्षरांत झोकदार काहीतरी टाकलं होतं आणि आईचं नाव नियमापुरतं खाली, मुंगीच्या अक्षरांत. छापून आलं. गिऱ्हाइकांनी वरचं वाचलंच नाही. फोन यायला लागले ते त्या मुंगीच्या अक्षरांसाठी. ‘काकू आहेत का? त्यांनाच द्या.’ मी सांगायचो, मीच बघतो सगळं, बोला. ‘बरं, पण काकूंना विचार, येसरात पाणी किती घालायचं.’

पाणी किती घालायचं हे काकूंनाही आकड्यांत माहीत नव्हतं. ‘लागंल तेवढं’ हे तिचं माप. धने ‘ओंजळभर’, मिरची ‘अंगाला बसंल इतकी’, भाजायचं ‘वास फिरेपर्यंत’. पण वाकडमधल्या पोरीला चमचे हवे असतात. म्हणून मी एका दुपारी स्वयंपाकघरात वजनकाटा मांडला. आईनं नेहमीसारखी मूठ भरली की ती भांड्यात पडायच्या आधी काट्यावर घ्यायची. गंमत अशी, की तिनं भरलेल्या मुठी एकमेकींपासून दोन-तीन ग्रॅमच्या पलीकडं हलल्या नाहीत. मी दोन वेळा काटा शून्य करून बघितला, वाटलं तोच अडकलाय. ती म्हणाली, ‘काटा बरोबर हाय, तू तुझं लिही.’ तो कागद अजून आमच्या प्रत्येक खोक्यात असतो, तिच्या बोलीत, फक्त कंसात ग्रॅम.

आम्हा दोघांचं वाजलं ते पावसाळ्यात. ऑगस्टमध्ये काळा मसाला संपला आणि ऑर्डरी थांबेनात. माझ्या अंगात धंदा संचारलेला. मिरची आणू, कांडप यंत्र चालूच आहे, पुन्हा करू. आई म्हणाली नाही. मिरचीला कडक ऊन लागतं, दमट हवेत दळला की मसाला जाळी धरतो, दोन महिन्यांत वास जातो. मी बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचं उदाहरण दिलं, त्या काय पावसाळ्यात बंद असतात का? तिनं त्यावर उत्तर दिलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. पानावर ‘आता उन्हाळ्यात’ असं लिहावं लागलं. मला तेव्हा ते फार लागलं. पुढच्या मे महिन्यात मिरची निवडायच्या आधीच लोक नंबर लावून बसले, हे खरं. पण ती नाही म्हणाली ते काही मागणी वाढवायला नव्हे. ते तिच्या डोक्यातसुद्धा नव्हतं. ऑनलाइन विक्रीबद्दल पोरांना शिकवणारे जे व्हिडिओ मी बघायचो, त्यांत ‘माल कधी करायचा नाही’ हा धडा कुठंच नव्हता.

हैदराबादची ऑर्डर आली आणि आम्ही पुन्हा कागदांत शिरलो. कुकटपल्लीत राहणारं एक उदगीरचंच कुटुंब. उदगीरहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, रेल्वेनं बीदरवरून सरळ. १९५६ पर्यंत आम्ही एकाच राज्यात होतो. आता राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, आधी जीएसटी नोंदणी. मुंबईला पाचशे किलोमीटरवर पाकीट बिनधास्त जातं, आणि आबांची आत्या जिथं दिलेली त्या हैदराबादेत जात नाही! ती पाकिटं शेवटी तिकडं निघालेल्या एका नातेवाइकाच्या पिशवीतून भेट म्हणून गेली. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर माल लावायलाही तेव्हा जीएसटी लागायचाच. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना ती सूट १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली, आमचं सगळं करून झाल्यावर.

नोंदणीसाठी धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. जागा म्हणजे आमचं घर, आणि घर बाबांच्या नावावर. तेव्हा बाबांचं संमतीपत्र. मी मजकूर टाइप केला: मी खाली सही करणार, माझ्या मालकीच्या घराचा वापर माझ्या पत्नीस व्यवसायासाठी करू देण्यास माझी हरकत नाही. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. व्याकरण तपासलं, ‘देण्यास’च्या आधी स्वल्पविराम टाकला आणि खोडला. आई भाजलेली डाळ सुपात हलवत होती. ‘हरकत नाही म्हणायलालेत का?’ तिनं विचारलं. बाबा म्हणाले, ‘नाही.’ ‘नशीब,’ ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली. बाबांनी सही केली. आईच्या धंद्याची माहिती कार्यालयाला कळवणारा अर्जही त्यांनी त्याच संध्याकाळी स्वतःच्या अक्षरांत लिहिला, शाळेच्या फळ्यावर लिहितात तसा ठळक.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला पंचाण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. उन्हानं डांबर वितळत होतं, गावात राहायला खोली नव्हती. त्या गर्दीतून पुण्याच्या एक बाई रिक्षा करून आमच्या दारात आल्या. हातात आमचं रिकामं पाकीट, त्यावरचा पत्ता रिक्षावाल्याला दाखवत आलेल्या. मी पुढं झालो, खुर्ची दिली, सांगितलं की हे सगळं मी सुरू केलंय, इन्स्टाग्राम, वेबसाइट वगैरे. त्यांनी ‘हो का, छान’ म्हटलं आणि माझ्या खांद्यावरून आत बघत राहिल्या. आई हात पुसत बाहेर आली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि तास-दीड तास बाहेर आल्या नाहीत. परिसंवाद बुडाला म्हणून त्या हळहळल्याचं मला दिसलं नाही.

त्याच वर्षी मला अठरा पूर्ण झाली. मी वाट बघत होतो, हे कबूल. सीएकडं गेलो, म्हटलं, आता सगळं माझ्या नावावर करून टाकू. आईही सोबत होती, तिच्या सह्या लागतील म्हणून. त्यांनी समजावलं, की एकट्या मालकाच्या धंद्यात नाव बदलत नाही. जीएसटी पॅनला बांधलेला, अन्नसुरक्षेचा क्रमांक माणसाला बांधलेला. आईचं बंद करायचं आणि माझं पहिल्यापासून सुरू करायचं, नवा क्रमांक, नवी लेबलं. मी लेबलांचा खर्च मनात धरत होतो. आई खुर्चीत पुढं सरकली.

‘बंद कशाला करायचं? त्याला काढायचं असंल तर त्यानं त्याचं दुसरं काढावं की.’

सीए हसले. मी पण हसलो, थोडं उशिरा.

मी आता पुण्यात असतो, नोकरी करतो. रिटर्न मी भरतो, वेबसाइट मी सांभाळतो. गल्लीतल्या दोघीजणी उन्हाळ्यात रोजानं येतात, त्यांचा हिशेब आई वेगळ्या वहीत लिहिते आणि ती वही मला दाखवत नाही. यंदा मसाल्याचा दर वाढल्याचं मला एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मेसेजवरून कळलं. मी फोन केला, म्हटलं, मला सांगायचं तरी.

‘ब्याडगीचा भाव बघितलास का?’ ती म्हणाली. ‘त्या साइटवर नवा दर टाक. आणि कुरडईचा फोटो काढ तिथनं, लोक अजून विचारलालेत.’

मी दर टाकला. फोटोही काढला.